मोजून जगलेली चार वर्षे

रोज सकाळी अंघोळीआधी मी वजनकाट्यावर उभा राहतो. आकडा वाचते ती आमची ही. मला डायलिसिसवर दोन वर्षे झाली. आठवड्यातून तीनदा दिघीहून रुग्णालयात जायचे, चार तास पडून राहायचे. दोन फेऱ्यांच्या मधल्या दिवसांत चढलेले वजन अन्नाचे नसते, साचलेल्या पाण्याचे असते. एक किलो म्हणजे एक लिटर.

अशा वेळी मला जयप्रकाश नारायण आठवतात. वडिलांनी त्यांच्या उपचारासाठी एक रुपया दिला होता. तेव्हा मी शाळेत होतो. त्या रुपयाने काय होणार, हे मला कळले नव्हते.

बिहारमधल्या सिताबदियारा गावी ११ ऑक्टोबर १९०२ रोजी जन्मलेला हा माणूस अमेरिकेत शिकून आला, १९४२ मध्ये हजारीबाग तुरुंगाची भिंत ओलांडून निसटला आणि पुढे सत्तेकडे पाठ फिरवून विनोबांच्या भूदानात रमला. पत्नी प्रभावतीदेवी १९७३ मध्ये गेल्या. पाठोपाठ बिहारचे विद्यार्थी-आंदोलन त्यांच्या खांद्यावर आले. आणीबाणी जाहीर होताच, २६ जून १९७५ च्या पहाटे, त्यांना दिल्लीत अटक झाली. चंदीगडच्या रुग्णालयात स्थानबद्ध असतानाच त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. १२ नोव्हेंबरला सुटका झाली, आणि मग मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांचे डायलिसिस सुरू झाले.

त्या काळी देशात ही सोय फार थोड्या ठिकाणी होती आणि खर्च अफाट. लोकांनी छोट्या छोट्या रकमा जमवून त्यांच्यासाठी यंत्र घेतले. पंतप्रधानांकडून आलेली मदत जेपींनी नम्रपणे नाकारली.

पण यंत्र सारे करत नाही, हे मला माझ्या अंगावरून कळले. निरोगी मूत्रपिंड रात्रंदिवस काम करते. यंत्राला काही तासच मिळतात. मधल्या काळात पाणी रक्तात साचते, रक्तदाब चढतो, हृदय थकते. ते पाणी घाईने काढले तर रक्तदाब एकदम कोसळतो, पायांत गोळे येतात. मागे एका लग्नात मी लोणचे-पापडावर ताव मारला. रात्रभर तहान भागेना, आणि पहाटे आडवे झाले की जीव गुदमरायचा. डॉक्टरांनी समजावले, खरा शत्रू मीठ. सलाईनच्या एक लिटरच्या बाटलीत नऊ ग्रॅम मीठ असते. तेवढे जास्तीचे मीठ पोटात गेले की शरीर लिटरभर पाणी मागून घेते. मीठ आवरले की तहान आपोआप आवरते.

जेपी १९७७ मध्ये उपचारासाठी सिएटलला गेले. कायमच्या डायलिसिसची सुरुवात १९६० मध्ये याच शहरात डॉ. स्क्रिब्नर यांनी केली होती. त्यांच्या पहिल्या रुग्णाचा, क्लाइड शील्ड्सचा, बेफाम रक्तदाब उतरला तो मीठ तोडून आणि यंत्राने जादा पाणी काढून. तो माणूस अकरा वर्षे जगला.

असे बांधलेले आयुष्य घेऊन जेपी ६ फेब्रुवारी १९७७ रोजी दिल्लीच्या रामलीला मैदानावर उभे राहिले. मार्चमध्ये सत्तांतर झाले. १९७९ च्या मार्चमध्ये तर ते गेल्याची चुकीची बातमी थेट संसदेत जाहीर झाली, श्रद्धांजलीही वाहिली गेली. आणि ते जसलोकमध्ये जिवंत होते! ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटण्यात त्यांनी देह ठेवला. सत्त्याहत्तराव्या वाढदिवसाला तीन दिवस उरले होते.

वडिलांच्या त्या रुपयाने यंत्राचा एखादा खिळा आला असेल. त्या यंत्राने जेपींना दिवस दिले. त्या दिवसांचे काय करायचे, ते त्यांनी ठरवले.

आषाढीला माउलींची पालखी आमच्या दिघीवरून पुण्याकडे जाते. यंदा मी वारकऱ्यांना पाणी वाटले. दिवसभर हातात तांब्या होता. माझे पाणी मात्र हिने सकाळीच मोजून एका बाटलीत भरून ठेवले होते. संध्याकाळी त्यात दोन घोट उरले होते.