चार्ल्स तिसरा, फ्रान्स

चार्ल्स तिसरा (जन्म: १७ सप्टेंबर, इ.स. ८७९, मृत्यू: ७ ऑक्टोबर, इ.स. ९२९, पेरॉन) हा कॅरोलिंजियन घराण्यातील पश्चिम फ्रँकिश राज्याचा, म्हणजे पुढे ज्यातून फ्रान्स घडला त्या प्रदेशाचा, राजा होता. तो सम्राट शार्लमेनचा खापरपणतू. त्याने इ.स. ८९८ ते ९२२ या काळात राज्य केले. नॉर्मंडीचा पाया घालणारा करार आणि लोथारिंजियाची प्राप्ती ही त्याच्या कारकिर्दीतील दोन मोठी कार्ये होत. आपल्याच उमरावांशी झालेल्या संघर्षात त्याने सिंहासन गमावले आणि त्याचा अंत बंदिवासात झाला.

नाव

चार्ल्सच्या नावामागे लागलेल्या लॅटिन उपाधीचा मूळ अर्थ सरळ, निष्कपट असा आहे. कालांतराने तिचा अर्थ भोळा किंवा मंदबुद्धी असा केला जाऊ लागला आणि त्याच्या अपयशाचे कारणही या भोळेपणात शोधले गेले. मात्र त्याच्या कारकिर्दीतील घटना पाहता हा समज टिकत नाही.

बालपण

चार्ल्सचे वडील राजा लुई दुसरा हे एप्रिल ८७९ मध्ये मरण पावले, तेव्हा आई ॲडेलेड गरोदर होती. अशा रीतीने चार्ल्सचा जन्म पित्याच्या मृत्यूनंतर पाच महिन्यांनी झाला. लुई तिसरा (मृत्यू ८८२) आणि कार्लोमन दुसरा (मृत्यू ८८४) हे त्याचे सावत्र भाऊ एकामागून एक निवर्तले. त्या वेळी चार्ल्स अवघा पाच वर्षांचा होता. व्हायकिंगांच्या स्वाऱ्या सुरू असताना बालकाला गादीवर बसविणे उमरावांना परवडणारे नव्हते. त्यांनी पूर्वेकडील सम्राट, जाड्या चार्ल्स, यास पाचारण केले.

इ.स. ८८५-८८६ मध्ये व्हायकिंगांनी पॅरिसला वेढा घातला. शहराचा बचाव काउंट ओदो याने केला; सम्राटाने मात्र द्रव्य देऊन शत्रूला वाटेला लावले. सम्राटाच्या पदच्युतीनंतर फेब्रुवारी ८८८ मध्ये उमरावांनी ओदोलाच राजा निवडले. ओदो राजघराण्यातला नव्हता. जन्माने मिळणारा मुकुट पराक्रमाच्या बळावर आणि उमरावांच्या संमतीनेही मिळू शकतो, हा पायंडा येथे पडला. चार्ल्सचे पुढील सारे आयुष्य या पायंड्याच्या छायेत गेले.

राज्यारोहण

रेंसचा आर्चबिशप फुल्क याने २८ जानेवारी ८९३ रोजी, ओदो दक्षिणेत गुंतलेला असताना, तेरा वर्षांच्या चार्ल्सचा राज्याभिषेक केला. त्यानंतर सुमारे चार वर्षे यादवी चालली. इ.स. ८९७ मध्ये समेट होऊन गादी ओदोकडेच राहिली. १ जानेवारी ८९८ रोजी ओदो मरण पावला आणि चार्ल्स सर्वमान्य राजा झाला. ओदोचा भाऊ रॉबर्ट यानेही त्याला मान्यता दिली; तथापि सीन आणि लोआर या नद्यांमधील विस्तीर्ण प्रदेश रॉबर्टच्याच ताब्यात राहिला.

राजाच्या प्रत्यक्ष हाती उरले ते लाँ, रेंस, कोंपिएन्य यांच्या परिसरातील राजवाडे, जमिनी आणि मठ. उमरावांची निष्ठा याच संपत्तीच्या दानातून मिळवायची होती, आणि ती मर्यादित असल्याने एकाला दिलेले दुसऱ्याकडून काढून घ्यावे लागे. याचे पहिले फळ लवकरच दिसले. आरास येथील सेंट व्हास्ट मठ फ्लँडर्सचा काउंट बॉल्डविन दुसरा याच्याकडून काढून फुल्कला देण्यात आला. जून ९०० मध्ये बॉल्डविनच्या माणसांनी फुल्कची हत्या केली आणि राजाचा सर्वांत जुना पाठीराखा गेला.

नॉर्मंडी आणि लोथारिंजिया

जुलै ९११ मध्ये शार्त्र येथे रॉबर्ट आणि बरगंडीचा रिचर्ड यांच्या सैन्याने व्हायकिंग नायक रोलो याचा पराभव केला. चार्ल्सने या विजयाचा उपयोग तहासाठी केला. रोलोला सीन नदीच्या मुखाजवळचा रूआँभोवतीचा प्रदेश मिळाला. मोबदल्यात त्याने ख्रिस्ती धर्म आणि राजाची सत्ता मान्य करून नदीमार्गाचे रक्षण पत्करले. हा तह सेंत-क्लेर-सूर-एप्तचा तह म्हणून ओळखला जातो. त्याचा लेख उपलब्ध नाही. मात्र ९१८ च्या एका राजपत्रात या दानाचा उल्लेख सापडतो. या वसाहतीतूनच पुढे नॉर्मंडीचे संस्थान उदयास आले.

त्याच वर्षी पूर्व फ्रँकिश राजा लुई निपुत्रिक वारला आणि लोथारिंजियाच्या उमरावांनी चार्ल्सला राजा म्हणून निवडले. शार्लमेनची राजधानी आखेन याच प्रदेशात होती. चार्ल्सला या लाभाचे इतके महत्त्व वाटे की, त्याच्या राजपत्रांत कालगणना तीन प्रकारे होऊ लागली: राज्याभिषेकापासून, सर्व राज्याच्या प्राप्तीपासून आणि या वाढीव वारशापासून.

उमरावांशी संघर्ष

लोथारिंजियामुळे राजाला नवी साधने मिळाली, पण त्याचे लक्षही पूर्वेकडे वळले. त्याची पहिली राणी फ्रेडेरुना ९१७ मध्ये वारली. तिला मुलगा नव्हता. पुढे इंग्लंडच्या राजा एडवर्डची कन्या ईडगिफू हिच्याशी त्याने विवाह केला. याच सुमारास हागानो नावाचा लोथारिंजियातील एक सरदार राजाच्या विशेष मर्जीतला झाला. हागानोचे कूळ फारसे थोर नव्हते. त्याला राजाचा कान मिळावा आणि आपणास बाहेर तिष्ठावे लागावे, हे पश्चिमेकडील मोठ्या उमरावांना अपमानास्पद वाटले. राजाच्या बाजूने पाहता, ज्याचे सारे वैभव केवळ राजकृपेवर अवलंबून आहे असा माणूस रॉबर्टसारख्या स्वयंपूर्ण उमरावापेक्षा अधिक भरवशाचा होता.

इ.स. ९१९ मध्ये मग्यारांच्या स्वारीच्या वेळी चार्ल्सने उमरावांना बोलावले, तेव्हा फक्त रेंसचा आर्चबिशप एर्वे मदतीस आला. पुढील वर्षी सोसाँ येथे उमरावांनी राजाची साथ उघडपणे सोडली. एर्वेने त्याला सुमारे सात महिने आश्रय दिला आणि समेट घडवून आणला. ७ नोव्हेंबर ९२१ रोजी बॉनजवळ ऱ्हाइन नदीच्या पात्रात नांगरलेल्या नौकेवर चार्ल्स आणि पूर्वेचा राजा हेन्री पहिला यांनी परस्परांना समान राजे म्हणून मान्यता दिली.

इ.स. ९२२ मध्ये चार्ल्सने आपली आत्या रोथिल्ड हिच्याकडील शेल येथील मठ काढून हागानोला दिला. रॉबर्टचा पुत्र ह्यू हा रोथिल्डचा जावई होता. त्यामुळे मठाचा प्रश्न थेट रॉबर्टच्या घराण्याशी जाऊन भिडला आणि बंडाचा भडका उडाला. जूनच्या अखेरीस उमरावांनी रॉबर्टला राजा निवडून रेंस येथे त्याचा राज्याभिषेक केला.

चार्ल्सने लोथारिंजियात सैन्य जमवले. १५ जून ९२३ रोजी सोसाँजवळ एन नदी ओलांडून त्याने अचानक हल्ला केला. या लढाईत रॉबर्ट मारला गेला. परंतु ह्यू आणि व्हर्मांद्वाचा काउंट हर्बर्ट दुसरा यांच्या कुमकेमुळे रण चार्ल्सच्या हातून निसटले. प्रतिस्पर्धी मरूनही उमरावांनी जुन्या राजाला परत बोलावले नाही. रॉबर्टचा जावई, बरगंडीचा रुडॉल्फ, याला त्यांनी १३ जुलै रोजी गादीवर बसवले.

बंदिवास आणि मृत्यू

हर्बर्टने शपथपूर्वक आश्वासन देऊन चार्ल्सला भेटीस बोलावले आणि कैद केले. हर्बर्ट स्वतःही शार्लमेनचाच वंशज होता. राणी ईडगिफू बालपुत्र लुईला घेऊन इंग्लंडला माहेरी निघून गेली.

बंदिवान राजा हे हर्बर्टच्या हातातील हत्यार ठरले. लाँ शहराच्या मागणीवरून रुडॉल्फशी बिनसताच त्याने चार्ल्सला बाहेर काढून राजा म्हणून मिरवले आणि ९२८ मध्ये लाँ मिळताच पुन्हा कोठडीत टाकले. रुडॉल्फने चार्ल्सची भेट घेऊन त्याला आतिन्यी येथील राजवाडा आणि भेटी दिल्या, पण मुक्तता केली नाही. ७ ऑक्टोबर ९२९ रोजी चार्ल्स पेरॉन येथे मरण पावला.

वारसा

इ.स. ९३६ मध्ये रुडॉल्फ निपुत्रिक वारल्यावर रॉबर्टपुत्र ह्यूने चार्ल्सच्या मुलाला इंग्लंडहून बोलावून घेतले. तो लुई चौथा या नावाने राजा झाला आणि त्याचाही काळ मुख्यतः ह्यूशी झगडण्यात गेला. अखेर ९८७ मध्ये ह्यूचा मुलगा, म्हणजेच रॉबर्टचा नातू, ह्यू कॅपेट सिंहासनावर आला आणि फ्रान्समधील कॅरोलिंजियन राजवट संपली.

चार्ल्सने परकीय शत्रूला जमीन देऊन आपलेसे केले आणि एक मोठा प्रदेश बिनयुद्ध मिळवला. ही कामे भोळ्या राजाची नव्हेत. ज्या उमरावांच्या संमतीवर मुकुट टिकून होता त्यांनाच डावलून स्वतःची माणसे उभी करण्याचा त्याचा प्रयत्न फसला. त्याने केलेला तह त्याच्या राजवंशापेक्षा अधिक टिकाऊ ठरला.