नारायण वामन टिळक : नाव तेच, जीवन नवे

स्नानसंस्काराच्या विधीत धर्मगुरू आईवडिलांना पहिला प्रश्न विचारतात तो बालकाच्या नावाचा. परमेश्वर मनुष्याला नावाने हाक मारतो, हा आपल्या श्रद्धेचा पाया आहे. त्याने अब्रामाला अब्राहाम केले. प्रभू येशूने शिमोनाला पेत्र हे नाव दिले. मग ख्रिस्ती होताना प्रत्येकाने जुने नाव टाकलेच पाहिजे काय? या प्रश्नाचे एक बोलके उत्तर आपल्या अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) भूमीत वावरलेल्या नारायण वामन टिळकांच्या जीवनात सापडते.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. १८९३ साली रेल्वेच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना 'नवा करार' भेट दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या अंतःकरणाचा ठाव घेतला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या निर्णयाची किंमत मोठी होती. आप्तेष्ट तुटले, पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दुरावल्या.

नाव मात्र टिळकांनी बदलले नाही. नारायण आणि वामन ही दोन्ही विष्णूची नावे. तीच घेऊन ते अहमदनगरला आले, तेथील ईश्वरविज्ञान शाळेत शिकवू लागले आणि १९०४ साली अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. लक्ष्मीबाईंचे माहेरचे नाव मनकर्णिका. विवाहात ते बदलून लक्ष्मी झाले. परंतु १९०० साली बाप्तिस्मा घेताना त्या लक्ष्मीच राहिल्या. त्यांच्या पुत्राचे नाव देवदत्त, म्हणजे देवाने दिलेला. मत्तय या नावाचा अर्थही जवळजवळ हाच!

यात नवे असे काही नव्हते. संत पौलाचे नाव दिमिष्काच्या वाटेवर बदलले असे आपण सहज म्हणतो; पण तसे पवित्र शास्त्र सांगत नाही. पाचारणानंतरही 'प्रेषितांची कृत्ये' त्याला बराच काळ शौलच म्हणतात. परराष्ट्रीयांमध्ये कार्य करताना पौल हे त्याचे दुसरे नाव पुढे येते. अपुल्लोस या नावात अपोलो देव आहे, तर फिबी हे एका ग्रीक देवीचे नाव. तरीही आद्य ख्रिस्तसभेने त्या दोघांना त्याच नावांनी सन्मानिले.

टिळकांचे नाव मराठी राहिले, तशी त्यांची भक्तीही मराठी राहिली. ख्रिस्ताला त्यांनी गुरू म्हटले, माउली म्हटले आणि वारकरी संतांच्या अभंगातून त्याला आळविले. 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्यांनी आरंभिले. ते पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापन केला. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. ते प्रॉटेस्टंट पंथाचे होते. तथापि त्यांची गीते आपल्या मंदिरांतही भक्तिभावाने गायिली जातात.

१९१७ च्या धर्मनियमसंहितेनुसार बालकाला ख्रिस्ती नाव मिळेल याची काळजी धर्मगुरूने घ्यावयाची होती. आईवडिलांनी दुसरे नाव दिल्यास नोंदवहीत त्यासोबत संताचे नाव जोडले जाई. १९८३ ची संहिता एवढेच सांगते, की ख्रिस्ती भावनेला परके असलेले नाव देऊ नये. म्हणून 'प्रकाश' वा 'करुणा' हे नाव संकोचाने सांगण्याचे कारण नाही. तसेच संताचे नाव धारण करणाऱ्यानेही निर्धास्त राहू नये. फ्रान्सिस हे नाव ठेवणे सोपे; फ्रान्सिससारखे दरिद्री होणे कठीण. नाव संताचे आणि आचरण परके, तर त्या नावाचा काय उपयोग?

आईवडिलांनो, बालकाचे नाव विचारपूर्वक व प्रार्थनापूर्वक निवडा. त्याचा अर्थ त्याला समजावून सांगा आणि त्या नावाच्या पाठीशी ख्रिस्ताचे जीवन उभे करा. उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने ओळखतो. आपल्या नावावरून जगाला त्या मेंढपाळाची ओळख पटो, हीच प्रार्थना.