'बग'चा किस्सा सगळ्यांना माहितीये, पण ग्रेस हॉपर यांचं खरं काम त्यापेक्षा खूप मोठं होतं

तारीख होती ९ सप्टेंबर १९४७. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात मार्क टू नावाचा अवाढव्य कम्प्युटर नीट चालेना. शोधाशोध केली तर आत एका रिलेमध्ये चक्क एक पाखरू अडकलेलं. तिथल्या लोकांनी ते चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवलं आणि खाली तशी नोंद केली.

प्रोग्राममधल्या चुकीला 'बग' म्हणतात ते यामुळेच, असं सांगितलं जातं. खरं तर यंत्रातल्या बिघाडाला बग म्हणायची पद्धत एडिसनच्या काळापासूनची. पाखरूही ग्रेस हॉपर यांनी स्वतः पकडलं नव्हतं. त्या हा किस्सा रंगवून सांगायच्या, म्हणून तो त्यांच्या नावावर जमा झाला.

मग त्यांनी नेमकं केलं काय?

हॉपर यांचा जन्म १९०६ चा, न्यूयॉर्कचा. लहानपणी घड्याळ कसं चालतं हे बघायला घरातली सात घड्याळं खोलून बसलेली ही मुलगी. पुढे येल विद्यापीठातून गणितात पीएचडी केली, व्हासार कॉलेजात शिकवलं. दुसऱ्या महायुद्धात नौदलात जायचं ठरवलं, तर वय जास्त आणि वजन कमी भरलं. खास परवानगी काढून त्या भरती झाल्या आणि १९४४ मध्ये हार्वर्डच्या मार्क वन कम्प्युटरवर पोहोचल्या.

तिथे एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. तपासून ठेवलेला कोड वहीतून उतरवून घेतानाच माणसं चुकतात. मग हे उतरवायचं काम मशीनलाच का देऊ नये? यातूनच १९५२ च्या सुमारास त्यांचा ए-झिरो हा कम्पायलर तयार झाला. पुढे त्यांनी इंग्रजी शब्दांत लिहिता येणारी फ्लो-मॅटिक भाषा आणली आणि त्याच पायावर १९५९ मध्ये कोबॉल उभी राहिली.

पण इथे नवीच भानगड झाली. प्रत्येक कंपनीचा कोबॉल कम्पायलर वेगळा. एका मशीनवर बरोबर चालणारा प्रोग्राम दुसऱ्यावर चालेलच याची खात्री नाही. पगार आणि साठ्याचे हिशेब कम्प्युटरवर टाकायचे तर हे परवडणारं नव्हतं.

१९६६ मध्ये निवृत्त झालेल्या हॉपर यांना नौदलाने १९६७ मध्ये परत बोलावलं. काम होतं सहा महिन्यांचं, पण मुक्काम लांबतच गेला. त्यांच्या गटाने कम्पायलरची परीक्षा घेणारे प्रोग्राम तयार केले. भाषेतली एकेक सोय वापरायची, आलेलं उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडून बघायचं आणि कुठे पास, कुठे नापास ते छापायचं. कंपनीच्या शब्दावर विसंबून राहायची गरजच उरली नाही. सत्तरच्या दशकात अमेरिकन सरकारनेही कोबॉल कम्पायलर विकत घेताना अशी तपासणी सुरू केली.

आज डेटाबेसमधली एखादी प्रोसिजर तपासणारी ऑटोमेटेड टेस्ट हेच करते. अपेक्षित काय होतं, आलं काय आणि चूक कुठे झाली, हे सांगते. नुसतं 'एरर' म्हणून गप्प बसणारी टेस्ट कुणाच्या कामाची?

१९८६ मध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी, हॉपर रिअर ॲडमिरल म्हणून निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ ला त्यांचं निधन झालं. ते पाखरू मात्र नोंदवहीसकट अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जपून ठेवलंय.