स्ट्रॉबेरीची वंशावळ लिहिणारा द्युशेन



थंडी पडू लागली की आपल्या नाशिक जिल्ह्यात सुरगाणा आणि कळवण तालुक्यांच्या डोंगराळ भागात स्ट्रॉबेरीचा हंगाम सुरू होतो. बोरगावहून सापुताऱ्याकडे जाताना रस्त्याच्या कडेला लालचुटूक फळांचे खोके मांडून बसलेले शेतकरी दिसतात. त्यांनी रोपं आणली महाबळेश्वरकडून. महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी आली इंग्रजांच्या काळात. पण त्याच्याही आधी काय? हे मोठं, रसाळ फळ मुळात जन्मलं कुठं? त्याचे आईबाप कोण? जवळजवळ दोनशे साठ वर्षांपूर्वी हे कोडं एका मुलानं सोडवलं. त्या वेळी त्याला मिसरूडही नीट फुटलं नव्हतं. त्याचं नाव आंत्वान निकोला द्युशेन. वनस्पतिशास्त्राच्या इतिहासात हे नाव आदरानं घेतलं जातं.

द्युशेनचा जन्म ७ ऑक्टोबर १७४७ रोजी फ्रान्स देशात व्हर्साय या गावी झाला. या गावात फ्रान्सच्या राजाचा भव्य राजवाडा होता. द्युशेनचे वडील राजाच्या इमारतींवर देखरेख करणारे अधिकारी होते. त्यामुळे मुलाला लहानपणापासून राजवाड्याच्या बागा मोकळ्या होत्या. तिथंच त्रियानों नावाच्या ठिकाणी राजानं वनस्पतींची एक खास बाग केली होती. तिची व्यवस्था बर्नार द जुस्यू या थोर वनस्पतिशास्त्रज्ञाकडे होती. हे गुरुजी फार लिहीत नसत. पण झाड कसं पाहावं हे शिकवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. असे गुरू लाभले आणि द्युशेनला झाडांचं वेड लागलं.

त्या काळी युरोपातल्या लोकांना स्ट्रॉबेरी माहीत होती, पण ती आजच्यासारखी नव्हती. ती रानात उगवायची. फळ बोराहूनही बारीक. चव मात्र गोड. तिच्या पानाला बेलाच्या पानासारखी तीन दळं असतात. द्युशेननं या रानस्ट्रॉबेरीचं बी पेरलं. १७६१ ते १७६३ या काळातली ही गोष्ट. रोपं वर आली आणि त्यांत एक रोप निराळंच दिसलं. त्याच्या पानाला तीन दळं नव्हती. एकच दळ!

दुसरा कोणी असता तर काय म्हणाला असता? रोप रोगट असेल, टाका उपटून. द्युशेननं ते उपटलं नाही. त्यानं ते जपलं, वाढवलं, त्याला फळं येऊ दिली आणि त्या फळांचं बी पुन्हा पेरलं. नवी रोपं आली, तीही एकदळी. म्हणजे हा रोग नव्हता. स्ट्रॉबेरीचा एक नवा प्रकार त्याच्या डोळ्यांदेखत जन्माला आला होता.

यात एवढं विशेष काय, असं तुम्हांला वाटेल. पण त्या काळचे मोठमोठे पंडित असं मानत, की झाडांच्या आणि प्राण्यांच्या साऱ्या जाती जग निर्माण झालं तेव्हाच ठरून गेल्या. पुढं त्यात नवी भर पडत नाही. आणि इथं तर तीन दळांच्या आईपोटी एका दळाचं लेकरू आलं, नि पुढची पिढीही तशीच निघाली. आता या रोपाला नवी जात म्हणायचं, की जुन्या जातीतलाच नवा प्रकार? द्युशेननं या प्रश्नाला बगल दिली नाही. स्वीडनमधल्या लिनियस या त्या वेळच्या सर्वांत मोठ्या वनस्पतिशास्त्रज्ञालाही या रोपाची माहिती पोहोचली आणि त्यानं त्याला आपल्या ग्रंथात जागा दिली. द्युशेनचं स्वतःचं मत मात्र असं झालं, की एकाच जातीत नवे नवे प्रकार निपजू शकतात आणि कोणापासून कोण आलं हे शोधून काढता येतं. झाडांचीही वंशावळ असते! आज आपल्याला हे सोपं वाटतं. त्या वेळी ते म्हणायला धाडस लागत होतं.

आता दुसरं कोडं ऐका. त्यासाठी थोडं मागं जाऊ.

१७१२ साली आमेदे फ्रेझिये नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याला राजानं दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात पाठवलं. तिथले किल्ले गुपचूप पाहून त्यांचे नकाशे करायचे, हे त्याचं काम. पण किल्ले पाहता पाहता त्याला तिथल्या शेतांत एक नवल दिसलं. तिथले मूळचे रहिवासी केवढाल्या स्ट्रॉबेऱ्या पिकवत होते! रंग फिका, पण आकार रानस्ट्रॉबेरीच्या कितीतरी पट मोठा. गंमत अशी, की फ्रेंच भाषेत स्ट्रॉबेरीला फ्रेझ म्हणतात. म्हणजे फ्रेझियेच्या आडनावातच स्ट्रॉबेरी होती. त्यानं काही रोपं बरोबर घेतली. जहाजाचा प्रवास तब्बल सहा महिन्यांचा. गोडं पाणी मोजून मिळायचं. त्यातलंच पाणी घालून १७१४ साली तो परत आला तेव्हा पाच रोपं जिवंत होती.

रोपं वाढली, पसरली, फुलली. पण फळ धरेना. क्वचित धरलं तर वेडंवाकडं. पन्नास वर्षं असंच चाललं. हवा मानवत नसेल, माती चालत नसेल, असं म्हणून लोक गप्प बसले.

फक्त फ्रान्सच्या किनाऱ्यावर प्लुगास्तेल गावाच्या परिसरात या रोपांना भरघोस फळं येत. तिथले शेतकरी चिलीच्या स्ट्रॉबेरीच्या ओळींशेजारी दुसऱ्या जातीच्या स्ट्रॉबेरीच्या ओळी लावत. हे करायचं असतं एवढं त्यांना अनुभवानं कळलं होतं. का करायचं, हे शास्त्रानं अजून सांगितलं नव्हतं.

द्युशेननं फूल हातात घेतलं आणि बारकाईनं पाहिलं. चिलीच्या स्ट्रॉबेरीच्या फुलात पराग देणारे पुंकेसर असे नव्हतेच. होते ते खुरटलेले आणि रिकामे. तुम्ही पपईची झाडं पाहिली आहेत ना? काही झाडं नर, काही मादी. नराला फळ येत नाही आणि नराचा पराग मिळाला नाही तर मादीची फळं नीट धरत नाहीत. इथंही तेच झालं होतं. फ्रेझियेनं चिलीत मोठी फळं लागलेली रोपं निवडून घेतली, म्हणजे नेमकी मादी रोपं! नर रोपं तिकडंच राहिली. युरोपात कस्तुरीच्या वासाची एक स्ट्रॉबेरी होती. तिच्यातही नर आणि मादी निराळी असत. माळी मात्र नर झाडांना वांझ समजून उपटून टाकत आणि मग उरलेल्यांना फळ का येत नाही म्हणून डोकं खाजवत.

मग द्युशेननं एक प्रयोग केला. चिलीची मादी रोपं त्यानं कस्तुरी स्ट्रॉबेरीच्या नर रोपांजवळ ठेवली. काय आश्चर्य! फुलांमागं फळं फुगू लागली. चांगली मोठी फळं तयार झाली. ६ जुलै १७६४ रोजी त्यानं ती राजा पंधराव्या लुईला नजर केली. त्या वेळी द्युशेनचं वय होतं सोळा वर्षं. राजा खूश झाला. या फळांचं चित्र काढून ठेवा, अशी त्यानं आज्ञा दिली. शिवाय युरोपभरातून मिळतील तितक्या जातींच्या स्ट्रॉबेऱ्या गोळा करून त्रियानोंच्या बागेत लावण्याची परवानगी द्युशेनला मिळाली.

इथं एक शास्त्राची गोष्ट समजून घेऊ. आपण स्ट्रॉबेरीचा जो लाल गर खातो तो म्हणजे फुलाचा फुगलेला देठ. खरी फळं म्हणजे वर दिसणारे बारीक दाणे. काजूच्या बोंडासारखाच हा प्रकार, बरं का! दाण्याला पराग मिळाला की त्याच्याभोवतीचा गर फुगतो. नाही मिळाला की तिथं खड्डा पडतो. म्हणून शेतकरी मधमाश्यांना जपतात.

गोळा केलेल्या सगळ्या स्ट्रॉबेऱ्या द्युशेननं शेजारीशेजारी लावल्या. पान कसं, लव कशी, फुलात पुंकेसर आहेत की नाहीत, फळाचा रंग, वास, चव, हे सारं त्यानं टिपून ठेवलं. युरोपातल्या बागांत त्या सुमारास एक नवी स्ट्रॉबेरी आली होती. वासाला अननसासारखी म्हणून लोक तिला अननस स्ट्रॉबेरी म्हणत. ती कुठून आली, याबद्दल जो तो निराळं सांगे. द्युशेननं सगळ्या खुणा ताडून पाहिल्या आणि निदान केलं, की ही संकरातून जन्मली. आई चिलीची, मोठ्या फळाची. बाप उत्तर अमेरिकेतल्या व्हर्जिनियाचा, लहान पण लाल आणि सुवासिक फळाचा. एक दक्षिणेकडचा, एक उत्तरेकडचा. दोघांची गाठ पडली ती समुद्रापलीकडं युरोपातल्या बागेत! आज जगभर पिकणारी मोठी स्ट्रॉबेरी, आपल्या सुरगाण्याची सुद्धा, याच घराण्यातली.

पुढं सूक्ष्मदर्शकानं त्याचं निदान खरं ठरवलं. पेशीत गुणसूत्रं नावाचे बारीक धागे असतात. रानस्ट्रॉबेरीत ते १४, कस्तुरी स्ट्रॉबेरीत ४२, तर चिलीच्या आणि व्हर्जिनियाच्या दोन्हींत ५६. अननस स्ट्रॉबेरीतही ५६. कस्तुरीच्या परागानं चिलीचं फळ फुगलं, पण तिच्याशी सोयरीक टिकण्याजोगी नव्हती. ५६ आणि ५६ ची जोडी मात्र जुळली.

१७६६ साली द्युशेननं स्ट्रॉबेरीवर एक मोठं पुस्तक लिहिलं. त्यात स्ट्रॉबेरीच्या घराण्याची वंशावळही काढून दाखवली. तेव्हा तो विशीच्या आतलाच होता.

पण बाग कायमची राहत नाही. १७७४ साली पंधरावा लुई वारला. नव्या राणीला त्रियानोंत वेगळ्या धाटणीची बाग हवी होती. शास्त्राची बाग मोडली गेली आणि तिथली झाडं पॅरिसला हलवण्यात आली. पुढं १७८९ साली फ्रान्समध्ये मोठी राज्यक्रांती झाली. राजाचं राज्य गेलं आणि राजदरबारची पदंही गेली. द्युशेननं व्हर्सायमध्ये मुलांना निसर्गविज्ञान शिकवण्याचं काम पत्करलं. त्यानं भोपळ्यांचाही असाच अभ्यास केला होता आणि त्यांची शेकडो रंगीत चित्रं काढली होती. लेब्लाँ नावाच्या सहकाऱ्याबरोबर त्यानं लहान मुलांसाठी प्राण्यांच्या आणि फळाफुलांच्या चित्रांचे संचही काढले. मुलांना नुसते शब्द नकोत, वस्तू दिसली पाहिजे, याची त्याला जाण होती.

बाग गेली, राजा गेला, तरी पुस्तक राहिलं. पुढच्या लोकांना त्याचा उपयोग झाला. लंडनजवळच्या मायकेल कीन्स नावाच्या माळ्यानं १८२१ साली बियांपासून निवडून मोठ्या फळाचं एक प्रसिद्ध वाण पुढं आणलं आणि युरोपात स्ट्रॉबेरीच्या नव्या वाणांची रीघ लागली. १८ फेब्रुवारी १८२७ रोजी पॅरिसमध्ये द्युशेनचं निधन झालं. त्याआधी १८११ साली स्मिथ या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञानं एका झाडाला त्याचं नाव दिलं होतं. हे झाड दिसायला स्ट्रॉबेरीसारखंच, पण फूल पिवळं आणि फळ बेचव. ते आपल्या हिमालयात उगवतं. त्याचं नाव द्युशेनिया इंडिका. म्हणजे या फ्रेंच माणसाचं नाव हिंदुस्थानच्या नावाशी जोडलं गेलं.

आता शेतातल्या कामाशी याचा संबंध पाहा. स्ट्रॉबेरीचं रोप जमिनीवर लांब दोर सोडतं. शेतकरी त्याला रनर म्हणतात. रनरपासून झालेलं रोप आईसारखंच निघतं, जशी द्राक्षाच्या काडीपासून तीच द्राक्षं येतात. नवं वाण हवं असेल तर बहुधा बियांकडे वळावं लागतं. शेकडो रोपं लावायची, त्यांतून एखादं निवडायचं आणि ते टिकतं का, हे पुन्हापुन्हा लावून तपासायचं. आपल्या देशात २००१ साली वाणांच्या हक्काचा कायदा झाला. नवं वाण नोंदवायचं तर ते इतरांपेक्षा वेगळं आहे, त्याची सगळी झाडं एकसारखी आहेत आणि त्याचे गुण टिकून राहतात, हे दाखवावं लागतं. साध्या शेतकऱ्यालाही आपलं वाण नोंदवता येतं. मुलांनो, एकदळी रोपाच्या बाबतीत द्युशेननं हेच तर तपासलं होतं!

तुमच्या घरी भात असेल, नागली असेल, टोमॅटो असेल. शेतात एखादं रोप इतरांहून निराळं दिसलं तर घाईनं उपटू नका. वडीलधाऱ्यांना दाखवा. त्याला खूण म्हणून दोरा बांधा. वहीत तारीख घालून लिहा : पान कसं, फूल कधी आलं, कणीस किंवा फळ कसं. बी वेगळं ठेवा आणि पुढच्या हंगामात पेरून पाहा. दहांतली नऊ रोपं साधीच निघतील. दहाव्याची नोंद मात्र तुमच्या वहीत असली पाहिजे.