घाटाचा प्रवासी : पॉल द विव्ही

आमच्या शाळेंत दूरच्या खेड्यांतून सायकलीवर येणारे कांहीं विद्यार्थी आहेत. वाटेंत चढण लागली म्हणजे जो खालीं उतरून सायकल हातानें ढकलतो त्याची इतर मुलें थट्टा करितात, आणि त्या थट्टेच्या भयानें कांहीं मुलें छातीचा भाता होईपर्यंत पायडल दाबीत राहतात, हें मीं पुष्कळदां पाहिलें आहे. चढणीवर माणसानें आपलें बळ दाखवावें कीं युक्ति योजावी, हा वाद फ्रान्स देशांत एका गृहस्थानें कित्येक वर्षें नेटानें चालविला. त्याचें चरित्र सायकलीवर बसणारास आणि न बसणारासही बोधक वाटेल, म्हणून येथें थोडक्यांत देतों.

पॉल द विव्ही याचा जन्म ता. २९ एप्रिल १८५३ रोजीं फ्रान्सच्या दक्षिण भागांत पेर्न या लहानशा गांवीं झाला. हा मुलूख सन १७९१ पर्यंत फ्रान्सच्या राजाचा नसून रोमच्या पोपांचा होता. जवळच आव्हिन्यों हें शहर आहे. चौदाव्या शतकांत पोप रोम सोडून तेथें राहावयास आले होते, आणि त्यांचा किल्ल्यासारखा प्रचंड वाडा अद्याप उभा आहे. दुसऱ्या बाजूस व्हांतू नांवाचा एकाकी पर्वत एकोणीसशें मीटरांहून अधिक उंच उठलेला दिसतो. एकीकडे जुनें शहर व दुसरीकडे डोंगर अशी ही जन्मभूमि; आणि या दोहोंची ओढ त्याला जन्मभर राहिली.

शाळेंत त्याला ग्रीक व लॅटिन ग्रंथांची गोडी लागली. पुढें तो रेशमाच्या व्यापारांत शिरला व तरुण वयांतच स्वतःच्या पेढीचा धनी झाला. सन १८८१ मध्यें, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीं, त्यानें पहिली सायकल विकत घेतली. ती आजच्यासारखी नव्हती. पुढचें चाक माणसाच्या छातीइतकें उंच, मागचें अगदीं लहान, आणि बसणारा वर टांगल्यासारखा. पुढें एखादा धोंडा आला कीं तो डोक्यावरच पडावयाचा. अशा गाडीवर बसून तो शेझ-द्यू या डोंगरी गांवापर्यंत गेला. हजार मीटरांहून उंच अशा पठारावर तेथें एक भव्य मठमंदिर आहे. सहावा क्लेमेंट या पोपनें तें बांधविलें. याच क्लेमेंटनें आव्हिन्योंचा वाडाही वाढविला होता, आणि बाळपणीं तो या मठांत राहिलेला असल्यामुळें त्यानें आपली कबरही येथेंच करविली. घराजवळच्या इतिहासाचें दुसरें टोंक आपणांस आपल्याच पायांच्या बळावर गांठतां येतें, ही गोष्ट त्या तरुण व्यापाऱ्याच्या मनांत घर करून बसली असावी.

सन १८८७ मध्यें त्यानें रेशमाकडे पाठ फिरविली आणि सेंत-एतिएन या शहरीं सायकलींचें दुकान घातलें. कोळशाच्या खाणी, बंदुकांचे कारखाने व रेशमी फितींचे माग यांनीं गजबजलेलें असें तें शहर. त्याच वर्षीं त्यानें सायकलस्वारांकरितां एक मासिक सुरू केलें. त्यांत तो व्हेलोसिओ या टोपणनांवानें लिही, आणि पुढें लोक त्याला याच नांवानें ओळखूं लागले. चांगला चालता धंदा सोडून अशा नव्या व बेभरंवशाच्या उद्योगांत पडणें घरच्या माणसांना रुचलें असेल कीं नाहीं, कोण जाणे. संसारी माणसास ही उडी भीतिदायक वाटावी अशीच आहे.

सेंत-एतिएनहून दक्षिणेस निघालें कीं लगेच घाट लागतो. त्याचें नांव ‘कोल द ला रेपुब्लिक’, म्हणजे प्रजासत्ताकाची खिंड. माथा समुद्रसपाटीपासून ११६१ मीटर. शहरापासूनची चढण सुमारें सहाशें मीटरांची. दोहों बाजूंस दाट अरण्य आहे. या माथ्याच्या अलीकडे पडलेला पाऊस लुआर नदीला मिळून अटलांटिक महासागरास जातो, व पलीकडे पडलेला रोन नदीच्या द्वारें भूमध्य समुद्रास. आमच्या महाबळेश्वरीं कृष्णा पूर्वेच्या समुद्राची वाट धरते आणि सावित्री पश्चिमेच्या, तसाच हा प्रकार. व्हेलोसिओच्या आयुष्याचाही जलविभाजक हाच घाट ठरला. असें सांगतात कीं, एके दिवशीं तो धापा टाकीत ही चढण चढत असतां त्याच्याच मासिकाचा एक तरुण वाचक तोंडांत चिलीम धरून आरामांत त्याच्या पुढें निघून गेला. दुसरा एखादा रागावला असता. व्हेलोसिओ विचार करूं लागला.

त्या विचाराचें मर्म गणिताचें आहे. समजा, पायडलाजवळच्या दांतेरी चक्राला ४८ दांत आहेत आणि मागच्या चाकाच्या चक्राला १६. पायडलाचा एक फेरा झाला कीं मागचें चाक तीनदां फिरतें, आणि चाकाचा परीघ दोन मीटर धरला तर गाडी सहा मीटर पुढें जाते. आतां मागें २४ दांतांचें चक्र लावा. एका फेऱ्यांत चाक दोनदांच फिरेल व गाडी चारच मीटर जाईल. परंतु जेथें पायाला तीन शेर जोर लावावा लागत होता तेथें दोन शेर पुरेल. सपाटीवर पहिली योजना बरी, घाटांत दुसरी. मग एकाच सायकलीवर दोन्ही कां नसाव्यात? किंबहुना तीन किंवा चार कां नसाव्यात? व्हेलोसिओनें सन १८८९ मध्यें ‘गोलूआझ’ नांवाची आपली सायकल काढली होती. पुढें तो अशा सायकलींवर एकामागून एक प्रयोग करीत राहिला. आरंभीं खालीं उतरून हातानें साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर घालावी लागे. कधीं त्यानें दोन साखळ्या बसवून पाहिल्या. साखळी चालतां चालतां सरकविण्याची युक्ति त्या शहरांतील पुष्कळ कारागिरांच्या हातून हळूहळू सुधारत गेली, आणि तिचें सर्व श्रेय एकट्या व्हेलोसिओस देणें रास्त होणार नाहीं. परंतु लोकांच्या हंसण्याकडे लक्ष न देतां त्या युक्तीची बाजू त्यानें मांडली, हें खरें.

हंसणारे कांहीं थोडेथोडके नव्हते. त्यांत आंरी दग्रांज हा मोठा वजनदार गृहस्थ होता. तो स्वतः जुना शर्यतपटु, एका क्रीडाविषयक वृत्तपत्राचा संपादक, आणि सन १९०३ मध्यें सुरू झालेल्या फ्रान्सच्या सुप्रसिद्ध सायकल-शर्यतीचा जनक. सन १९०२ मध्यें पिरेनीज पर्वतांतील तुर्मालेच्या घाटांत सायकलींची परीक्षा झाली. त्या वेळीं मार्त हेस नांवाच्या एका स्त्रीनें गियरच्या गोलूआझ सायकलीवर बसून मोठमोठ्या पहिलवानांची वाहवा मिळविली. तरीही दग्रांजचें मत ढळलें नाहीं. त्याच्या मतें असलीं साधनें पंचेचाळिशी उलटलेल्यांना ठीक. तरुणानें स्नायूंच्या बळावर जिंकावें. त्याच्या शर्यतीचा मार्ग पहिल्याच वर्षीं व्हेलोसिओच्या घाटावरून गेला, आणि शर्यतपटूंनीं तो एकाच चक्रावर, घाम गाळीत ओलांडला. हजारों लोक टाळ्या वाजवीत होते. इकडे पन्नाशी गांठलेला व्हेलोसिओ आपल्या लहानशा मासिकांत लिहीतच राहिला.

सायकल ही प्रवासासाठीं आहे, असें त्याचें म्हणणें होतें. मान खालीं घालून धांवणाऱ्याला वाटेंतलें गांव दिसत नाहीं. याचा अनुभव मला स्वतःला आहे. पुण्यास शिकत असतां एकदां सोबत्यांपुढें कमीपणा येऊं नये म्हणून कात्रजचा घाट मीं न उतरतां चढलों, आणि माथ्यावर पोहोंचल्यावर डोळ्यांपुढें अंधारी येऊन रस्त्याच्या कडेस बसून राहिलों. तेथून दिसणारा मुलूख सोबत्यांनीं पाहिला, मीं नाहीं.

ईस्टरच्या सुमारास व्हेलोसिओ आपल्या मित्रांना घेऊन दक्षिणेकडे प्रोव्हांस प्रांतीं उतरत असे. सेंत-एतिएनच्या घाटमाथ्यावर थंडी असे, आणि रोनच्या खोऱ्यांत उतरतां उतरतां द्राक्षमळे व ऑलिव्हचीं झाडें लागत. त्या खोऱ्यांत ऑरांज येथें रोमन लोकांचें नाट्यगृह व विजयकमान आहे. आर्ल येथें त्यांचें वर्तुळाकार क्रीडागार आहे. त्याच्या ईशान्येस उघड्या खडकावर ले बो हें उजाड किल्ल्याचें गांव आहे. लॅटिन वाचलेल्या माणसाला अशा वाटेवर केवढा आनंद होत असेल! शिष्यांना त्याचें सांगणें असे कीं, भूक लागण्याआधीं थोडें खावें, तहान लागण्याआधीं पाणी प्यावें, फार थकण्याआधीं विसांवा घ्यावा, मद्य व तंबाखूपासून दूर राहावें, आणि केवळ दिमाखासाठीं कधींही पायडल मारूं नये. तो स्वतः शाकाहारी होता, व जगांतील लोकांना एकमेकांशीं बोलतां यावें म्हणून निघालेली एस्पेरांतो भाषा शिकला होता. मात्र विसांव्याचा उपदेश करणारा हा गृहस्थ स्वतः सबंध रात्र प्रवास करून दुसऱ्या दिवशींही पुढें जाई. या एका बाबतींत आमच्या विद्यार्थ्यांनीं त्याचें अनुकरण करावें असें मला वाटत नाहीं, आणि त्यांच्या आईबापांनाही वाटणार नाहीं.

सन १९२२ पासून त्याच्या सन्मानार्थ त्याच घाटांत वार्षिक चढाईचा दिवस साजरा होऊं लागला. पांढऱ्या मिशांचा हा म्हातारा शेंकडों लोकांच्या मेळ्यांत स्वतःही सायकलीवर असे. ता. २७ फेब्रुवारी १९३० रोजीं सेंत-एतिएनच्या रस्त्यावर तो हातांत सायकल धरून पायीं जात होता. इतक्यांत ट्रामचा धक्का लागला आणि त्याचा अंत झाला. त्याचें वय तेव्हां शहात्तर वर्षांचें होतें. ज्यानें उभ्या आयुष्यांत इतके डोंगर ओलांडले त्याला मरण आलें तें सपाट रस्त्यावर.

दग्रांजनें आजारामुळें सन १९३६ मध्यें शर्यतीचा कारभार दुसऱ्याच्या हातीं दिला. पुढच्याच वर्षीं गियर बदलण्याची मोकळीक सर्व शर्यतपटूंना मिळाली, आणि रोझे लापेबी हा तरुण गियरच्या सायकलीवर ती शर्यत जिंकला. त्याचें वय अवघें सव्वीस वर्षांचें होतें. व्हेलोसिओला जाऊन तेव्हां सात वर्षें झालीं होतीं. घाटाच्या माथ्यावर, अरण्याच्या कडेला, त्याच्या नांवाचा स्मृतिस्तंभ उभा आहे.