श्रद्धेच्या बळावर अविचल : संत जोसेफ वाझ



दरवर्षी १६ जानेवारी रोजी ख्रिस्तसभा संत जोसेफ वाझ यांचा सण साजरा करते. श्रीलंकेचे प्रेषित म्हणून ते जगाला ठाऊक आहेत, परंतु ते आपल्याच कोकण किनारपट्टीचे सुपुत्र होत. त्यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी गोव्यातील बाणावली या गावी आजोळी झाला. वडील ख्रिस्तोव्हाव वाझ हे सांकवाळचे. त्याच गावी जोसेफ यांचे बालपण गेले. १६७६ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. त्यानंतर त्यांनी पादत्राणे सोडून दिली आणि गरिबांसारखे अनवाणी चालू लागले. दुसऱ्याच वर्षी, ५ ऑगस्ट १६७७ रोजी, त्यांनी सांकवाळच्या चर्चमध्ये पवित्र मरियेच्या चरणी स्वतःला कायमचे दास म्हणून अर्पण केले आणि तसे पत्र लिहून ठेवले. पुढील आयुष्यात त्यांच्यावर जे जे प्रसंग गुदरले, त्यांना ते ज्या बळावर सामोरे गेले त्याचे मूळ या पत्रात आहे, असे मला वाटते. एकदा दास झाल्यावर आपल्या सोयीचा विचार करण्याचा अधिकारच त्यांनी स्वतःकडे ठेवला नाही.

त्या काळी सिलोन म्हणजे आजच्या श्रीलंकेची अवस्था बिकट होती. डच लोकांनी १६५६ साली कोलंबो आणि १६५८ साली जाफना पोर्तुगिजांकडून जिंकून घेतले होते. डच हे कॅल्व्हिनपंथी. त्यांनी कॅथलिक धर्मगुरूंना बेटाबाहेर घालवले, चर्चेस ताब्यात घेतली आणि धर्मगुरूंना आसरा देणाऱ्यांसाठी कठोर शिक्षा ठरवल्या. हजारो कॅथलिक कुटुंबे मिस्साविना, पापनिवेदनाविना दिवस कंठत होती. घरातल्या घरात म्हटलेली जपमाळ एवढाच काय तो आधार उरला होता. (१७३९ नंतर वसईच्या ख्रिस्ती समाजाने जे दिवस पाहिले, त्यांची आठवण येथे अनेकांना होईल. तेथेही पुढे देशी धर्मगुरूंनीच समाज सांभाळला.)

ही हकिगत ऐकून फादर वाझ यांनी १६८१ साली सिलोनला जाण्याची तयारी दर्शवली. वरिष्ठांनी मात्र त्यांना कानडा प्रांतात पाठवले. त्यांनी कुरकुर केली नाही. तीन वर्षे तेथे सेवा करून ते परतले आणि २५ सप्टेंबर १६८५ रोजी जुन्या गोव्यातील ऑरेटरी या देशी धर्मगुरूंच्या लहानशा समुदायात दाखल झाले. लवकरच त्यांना समुदायाचे प्रमुखपद मिळाले. त्या काळी युरोपीय संन्यासी संघांची दारे देशी धर्मगुरूंना बहुधा बंदच असत. अशा वेळी हाती आलेले मानाचे पद सांभाळत गोव्यात सुखाने राहणे त्यांना सहज शक्य होते. सिलोनची तळमळ मात्र त्यांना स्वस्थ बसू देईना. पद सोडून ते निघाले, तेव्हा सोबतीला जॉन नावाचा एक निष्ठावंत सेवक होता.

तुतिकोरीनहून १६८७ साली दोघे मजुराच्या वेषात गलबतावर चढले. वादळाने गलबत भरकटले, अन्नपाणी संपले. जाफन्याला पोहोचेपर्यंत फादर वाझ आमांशाने इतके खंगले होते की त्यांना उभे राहवत नव्हते. अनोळखी गाव, ओळख सांगायची सोय नाही, हाती पैसा नाही. एका झोपडीत ते पडून राहिले आणि कोणी दया येऊन पेज आणून दिली, तिच्यावर जगले. थोडे बरे वाटू लागताच गळ्यात मोठी जपमाळ घालून ते भिक्षा मागत दारोदार हिंडू लागले. कोणत्या घरातील माणसांचे डोळे त्या जपमाळेवर खिळतात, हे ते पाहत. अशा रीतीने त्यांनी जाफन्यातील पहिले कॅथलिक कुटुंब शोधून काढले.

जवळच्या सिल्लालै गावी त्यांनी गुप्तपणे राहून काम सुरू केले. मिस्सा रात्री होत असे, दिवसा ते भिकारी किंवा मजूर असत. १६८९ च्या नाताळात डच शिपायांनी भाविकांवर छापा घातला. फादर वाझ हाती लागले नाहीत, परंतु अनेक कॅथलिकांना अटक झाली, काहींना फटके बसले आणि एकाने त्या मारहाणीत प्राण सोडले. आपल्यामुळे आपल्या माणसांवर संकट यावे, यापेक्षा मोठे दुःख मेंढपाळाला दुसरे कोणते? तरीही ते गोव्याला परतले नाहीत. ते कँडीच्या राज्यातील पुत्तलम येथे गेले आणि १६९२ साली राजधानी कँडीकडे निघाले.

राजधानीत ते पोर्तुगिजांचे हेर आहेत, असा आरोप झाला आणि त्यांना साखळदंडात टाकण्यात आले. पुढे बंधने थोडी सैल झाली. या कैदेत त्यांनी दोन गोष्टी केल्या. ते सिंहली भाषा शिकले. शिवाय त्यांनी एक झोपडी उभारून तीत वेदी मांडली. राजधानीतील कॅथलिक चोरूनमारून त्यांच्याकडे येऊ लागले. सुटकेची वाट पाहत हातावर हात ठेवून बसायचे, हे त्यांच्या स्वभावातच नव्हते.

कँडीत अवर्षण पडले तेव्हाची कथा आजही सांगितली जाते. इतर सर्व उपाय हरल्यावर बौद्ध राजा विमलधर्मसूर्य दुसरा याने या परदेशी कैद्याला प्रार्थना करावयास सांगितले. फादर वाझ यांनी चौकात वेदी मांडून क्रूस उभारला व गुडघे टेकले. भरपूर पाऊस पडला. वेदी आणि स्वतः फादर मात्र कोरडेच राहिले, असे परंपरा सांगते. त्यानंतर राजाने त्यांना धर्मकार्याची मोकळीक दिली, हे मात्र इतिहासात नमूद आहे.

माझ्या मते त्यांच्या श्रद्धेची खरी ओळख पावसापेक्षाही १६९७ च्या देवीच्या साथीत होते. रोग्यांना घरातील माणसेच सोडून जात. राजाही राजधानी सोडून गेला. फादर वाझ आणि गोव्याहून आलेले त्यांचे सहकारी फादर जोसेफ कार्वाल्हो हे मात्र शहरात राहिले. टाकून दिलेल्या रोग्यांसाठी त्यांनी आसरे उभारले, त्यांच्या जखमा धुतल्या, त्यांना भरवले आणि मृतांना मूठमाती दिली. रोगी बौद्ध आहे की ख्रिस्ती, हे त्यांनी विचारले नाही. कित्येक दिवस हाच त्यांचा दिनक्रम होता, आणि अशा सेवेत चमत्काराची झळाळी नसते. राजाच्या मनात त्यांच्याविषयी जो आदर निर्माण झाला तो पुढे टिकला. डच अंमलाबाहेरच्या त्या बौद्ध राज्यात कॅथलिक धर्मगुरूंना आश्रय मिळाला.

पुढे त्यांना बिशपपद देऊ करण्यात आले, ते त्यांनी नाकारले. डोंगर, जंगल, जळवा, ताप यांची पर्वा न करता ते पायी फिरत राहिले. १७०५ साली फादर जाकोमे गोन्साल्विस येऊन मिळाले. त्यांनी सिंहली आणि तामिळ भाषांत विपुल ख्रिस्ती साहित्य निर्माण केले. स्वतः फादर वाझ यांचे शरीर मात्र थकत चालले होते. १६ जानेवारी १७११ रोजी, वयाच्या ५९ व्या वर्षी, कँडी येथे त्यांनी देह ठेवला. सिलोनच्या भूमीवर पाऊल ठेवल्यापासून जवळजवळ २४ वर्षे लोटली होती. त्या काळात ते एकदाही गोव्याला परतले नाहीत.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी २१ जानेवारी १९९५ रोजी कोलंबो येथे त्यांना धन्यपद बहाल केले आणि १४ जानेवारी २०१५ रोजी त्याच शहरात समुद्रकिनारी लाखो भाविकांच्या साक्षीने पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले. त्यांच्या निधनानंतरही गोव्याच्या ऑरेटरीतून धर्मगुरू सिलोनला जातच राहिले. डच अंमल १७९६ साली संपला, तेव्हा कॅथलिक समाज तेथे टिकून होता. फादर वाझ यांना कँडीतील चर्चमध्ये पुरण्यात आले होते. ते चर्च आज उभे नाही आणि कबरीची नेमकी जागाही कोणाला दाखवता येत नाही.