फादर थॉमस स्टीफन्स आणि घराघरांतील ख्रिस्तपुराण

परभणी जिल्ह्यांतील माणसास ओंवीची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. गोदातीरींचें गंगाखेड हें संत जनाबाईचें जन्मस्थान. आणि जात्यावर बसलेली बाई ओंवी गातच दळीत असे. त्याच ओंवींत चारशें वर्षांपूर्वीं एका परदेशीय धर्मगुरूनें पवित्र शास्त्राची कथा गाइली, ही गोष्ट मात्र आपल्यांपैकीं पुष्कळांस ठाऊक नसेल. ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगीं त्या फादर थॉमस स्टीफन्स यांचें चरित्र संक्षेपानें सादर करीत आहों.

फादर स्टीफन्स यांचा जन्म इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत १५४९ च्या सुमारास झाला. एलिझाबेथ राणीच्या अमदानींत तेथें कॅथॉलिक धर्म उघडपणें पाळणें संकटाचें झालें होतें. त्यांचे स्नेही थॉमस पौंड यांस ह्याच कारणास्तव तुरुंगवास घडला. स्टीफन्स यांनीं स्वदेश सोडून रोम गांठलें व १५७५ सालीं येशूसंघांत प्रवेश केला. ता. ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बन बंदर सोडून त्याच वर्षींच्या २४ ऑक्टोबरला ते गोव्यास पोहोंचले. मातृभूमीचें दर्शन त्यांस पुनः घडलें नाहीं. पुढील चाळीस वर्षांतील बहुतेक काळ त्यांनीं गोव्यांतील साष्टी प्रांतांत लोकसेवेंत वेंचिला.

तेथें त्यांच्या दृष्टीस एक मोठी उणीव पडली. पोर्तुगीज सत्तेनें लोकांचीं जुनीं देवळें पाडलीं होतीं आणि जुन्या पोथ्याही हिरावून घेतल्या होत्या. नव्यानें ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांपाशीं प्रश्नोत्तरें पाठ होतीं. परंतु सायंकाळीं दिव्यापाशीं बसून वाचावें असें कांहीं उरलें नव्हतें. बायबलचें मराठी भाषांतर त्या काळीं झालेलें नव्हतें. धर्मशिक्षण चाललें असतां एका नवख्रिस्ती ब्राह्मणानें, आमचीं पुराणें बंद केलींत तर त्यांच्या जागीं आमच्या भाषेंत दुसरें कांहीं कां देत नाहीं, अशी विचारणा केल्याचा प्रसंग स्वतः फादरांनींच आपल्या ग्रंथारंभीं वर्णिला आहे. श्रद्धेस नित्याचें अन्न लागतें, हें त्या विचारणेंतील मर्म त्यांनीं ओळखिलें.

पैठणचे एकनाथ महाराज १५९९ सालीं निवर्तले, तेव्हां फादर स्टीफन्स यांस गोव्यांत येऊन वीस वर्षें झालीं होतीं. मराठी संतांच्या ग्रंथांचा तोच ओंवीछंद त्यांनीं आत्मसात केला. ख्रिस्तसभेच्या वरिष्ठांची अनुज्ञा मिळून त्यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं राशोल येथें रोमन लिपींत छापिलें गेलें. त्यांत सुमारें ११,००० ओंव्या असून, पहिल्या पुराणांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा व दुसऱ्यांत प्रभु येशूचें चरित्र आहे. स्वर्गास त्यांनीं वैकुंठ असेंच म्हटलें. त्यामुळें लोकांस ती कथा परक्या मुलखाची वाटली नाहीं. १६१९ सालीं गोव्यांतच फादरांनीं देह ठेविला.

ह्यापुढील वृत्तान्त अधिकच बोधप्रद आहे. १६४९ व १६५४ सालीं ग्रंथाच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. परंतु १६८४ सालीं पोर्तुगीज सरकारनें लोकभाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढिलें. ह्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाहीं. तथापि ग्रंथ नष्ट झाला नाहीं. कारण भाविक लोक तो हातानें नकलून ठेवीत, देवळांत व घरीं वाचीत, आणि गोवा सोडून कानडा प्रांतांत गेलेल्या कुटुंबांनीं तो आपल्याबरोबर नेला. अशा हस्तलिखितांवरूनच १९०७ सालीं मंगळूर येथें तो पुनः छापिला गेला, आणि १९५६ सालीं देवनागरींतही प्रसिद्ध झाला. छापखाना थांबला तेव्हां वाचकांनींच पवित्र कथेचें रक्षण केलें, आणि त्या कथेनें त्यांच्या श्रद्धेचें रक्षण केलें.

आज आपणांस पोथी नकलावी लागत नाहीं, कीं फर्मानाचें भय बाळगावें लागत नाहीं. संपूर्ण बायबल मराठींत सहज मिळतें. आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६५ सालीं सर्व श्रद्धावंतांस पवित्र शास्त्र वारंवार वाचण्याचा आग्रहपूर्वक उपदेश केला आहे. असें असतां आपल्या घरांतील बायबल कपाटांत नुसतें जपून ठेविलें जात असेल, तर त्या जुन्या नकलकारांपुढें आपण काय उत्तर द्यावें? संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर शुभवर्तमानाचा एक लहानसा भाग वाचावा, क्षणभर स्तब्ध राहून तो मनांत घोळवावा, जें उमजणार नाहीं तें आपल्या धर्मगुरूंस विचारावें. दाणा दाणा दळूनच पीठ होतें; श्रद्धेचेंही तसेंच आहे.

ज्युबिलीच्या ह्या वर्षीं आपल्या धर्मग्रामांतील प्रत्येक घरीं असें वाचन सुरू होवो, अशी प्रभुचरणीं नम्र प्रार्थना आहे.